मानद सॉफ्टवेअर

आमच्या वाचनालयाची सगळी पुस्तकसूची ग्रंथपाल नलूताईंनी मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिस या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली होती. नवे अध्यक्ष रणदिवेसाहेब ती बघून कडाडले, "फुकटच्या वस्तूला कसला आलाय दर्जा? आजच काढून टाका. विकतचं आणू, सूची पुन्हा टाइप करा!"

नलूताईंचा चेहरा उतरला. वर्षभराची मेहनत होती ती. मी मध्ये पडणार, तोच त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, पाटीवर तुम्ही 'मानद अध्यक्ष' आहात. मानद म्हणजे?"

"म्हणजे मी एक पैसाही घेत नाही!"

"मग पाटीवर 'फुकट अध्यक्ष' लिहू, की या सॉफ्टवेअरलाही मानदच म्हणू?"

साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. "राहू द्या तुमचं मानद सॉफ्टवेअर!"

नलूताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि साहेबांचं मन बदलायच्या आत सूचीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली.