रिकाम्या पलंगाचं भाडं

हेमनगरच्या राजा कुबेरसेनानं आपल्या स्वस्त विमानात पलंग बसवले, आणि त्या पलंगांवर झोपायला कोणी येईना!

राजेरजवाड्यांच्या काळात विमान कुठून आलं, असं विचारू नका. राजाच्या मनात आलं की येतं! कुबेरसेनाच्या विमानाचं तिकीट अगदी किरकोळ होतं. फक्त पाण्याचे पैसे वेगळे, पाठ टेकायचे वेगळे आणि खिडकीतून बाहेर बघायचे वेगळे. शेजारच्या राजाच्या विमानात माणसं चक्क आडवी होऊन प्रवास करतात, हे कानावर आलं मात्र, कुबेरसेनाच्या पोटात दुखू लागलं. त्यानं लगेच विमानाच्या पुढच्या भागात सावरीच्या गाद्यांचे पलंग घातले, मखमली पडदे लावले. पण ज्यांना पलंगाचं भाडं परवडायचं ते सहसा या विमानात चढत नव्हते, आणि जे चढत होते त्यांतल्या बहुतेकांना ते परवडत नव्हतं. पलंग रोज रिकामे जायचे आणि रिकामे परत यायचे.

एके दिवशी माळ्याची मुलगी बकुळा दरबारात आली.

"महाराज, माझी आई विहिरीच्या पायरीवरून घसरून पडली. कंबर अशी धरलीय की बसता येत नाही. हाडवैद्य आहे तो समुद्रापलीकडे, शंखबंदरात. नावेच्या हिसक्यांनी तिचा जीव जाईल. विमानातला एक पलंग द्या, उपकार होतील!"

"भाडं?" राजानं विचारलं.

"साध्या तिकिटाचं आणलंय. पण पलंग रिकामाच जातो ना, महाराज?"

"रिकामा जाईल, फुकट जाणार नाही!" राजा गरजला. "आज तुझ्या आईला दिला, तर उद्या साऱ्या हेमनगरची कंबर धरेल!"

दरबार खो खो हसला. बकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. राजाला गंमत वाटली.

"एवढी हट्टी आहेस, तर ऐक! उद्याच्या विमानात तुझ्या आईनं पलंगावर झोपून जायचं. पलंगाचं भाडं द्यायचं नाही, चोरून शिरायचं नाही, माझ्याकडे दया मागायची नाही. जमलं तर बक्षीस. नाही जमलं, तर आईला घरी ने आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस!"

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी बकुळाच्या आईला, तुळसाबाईंना, बाजेवर घालून विमानापाशी आणलं. बिचारी दात आवळून पडली होती. फजिती बघायला राजा स्वतः हजर होता, प्रधानाला आणि खजिनदाराला घेऊन.

रांगेत धोंडूशेठ लुगडेवाले उभे होते. गावातले सगळ्यांत श्रीमंत, आणि तिकीट सगळ्यांत स्वस्त. बकुळा त्यांच्याकडे गेली.

"शेठजी, तुम्ही पलंग का नाही घेत?"

"पैशांचं काही नाही गं पोरी! पण उडत्या विमानात आडवा झालो आणि गडगडत खाली आलो म्हणजे? त्या पलंगावर झोपलेला माणूस पाहिलाय का कोणी?"

"बरं, तुम्ही लुगडं कसं विकता?"

"कसं म्हणजे? दुकानातला गडी ते स्वतःच्या खांद्यावर घेतो, पदर सोडून दाखवतो. एवढ्या मोठ्या मिशा आहेत त्याला, पण अंगावर बघितल्याशिवाय बायका घेतच नाहीत!"

"मग त्या गड्याकडून लुगड्याचे पैसे घेत असाल?"

"खुळी की काय! उलट मीच त्याला पगार देतो!"

राजानं कान टवकारले. पलंग खपत का नव्हते, ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

"प्रधानजी, झोपा!" त्यानं हुकूम सोडला.

सगळे विमानात शिरले आणि प्रधान पलंगावर आडवा झाला. पण राजासमोर पाय कसे पसरायचे? त्यानं गुडघे पोटाशी घेतले, पगडी घट्ट धरली आणि डोळे सताड उघडे ठेवले.

"हे झोपलेत?" धोंडूशेठ म्हणाले. "हे तर शिक्षा भोगतायत!"

"सरका, मीच झोपतो!" राजा पुढे झाला. तेवढ्यात खजिनदारानं अदबीनं हात पुढे केला. "महाराज, भाडं? फुकट कोणालाच द्यायचा नाही, असा आपलाच हुकूम आहे."

राजा झटकन मागे सरला. आजूबाजूला पाहता पाहता त्याची नजर दारापाशी ठेवलेल्या बाजेवर गेली.

"काय गं, तुझी आई झोपेल?"

"झोपेल की!" बकुळा म्हणाली. "चार लोकांदेखत, घोरत झोपेल! पण महाराज, मजुरी काय देणार?"

"मजुरी?" राजा थक्कच झाला. "माझा पलंग, माझी गादी, आणि वर मीच पैसे द्यायचे?"

"आपल्या विमानात पाणीसुद्धा फुकट मिळत नाही, महाराज. मग माझ्या आईची झोप फुकट कशी मिळेल?"

आणि मग राजा असा हसला, असा हसला, की त्याचा मुकुट प्रधानाच्या पोटावर जाऊन पडला!

"उठा प्रधानजी! जागा द्या!"

तुळसाबाईंना अलगद पलंगावर ठेवलं. "अगं बाई! किती दिवसांनी पाठ टेकली गं नीट!" एवढंच त्या बोलल्या. बघता बघता त्यांचा डोळा लागला आणि घोरणं विमानाच्या शेपटापर्यंत ऐकू जाऊ लागलं. धोंडूशेठांनी ते कान देऊन ऐकलं, शेजारच्या पलंगाची गादी चाचपली आणि कमरेची थैली सोडली.

राजानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून बकुळाच्या ओंजळीत घातला.

"प्रधानजी, जातानाची आणि येतानाची, दोन्ही मजुरी आत्ताच देऊन टाका!"

"जशी आज्ञा, महाराज!" प्रधान मोठ्यानं म्हणाला.

"शूऽऽ! हळू बोला!" राजानं त्याला दटावलं. "बाई कामावर आहेत!"