मंगळवारची मुलगी

तिसरा मंगळवारही कोरडा गेला! तुळसा आलीच नाही.

सगुणा कुंभारणीचा आणि घोड्यांचा व्यापारी हैबती याचा काडीमोड खुद्द राजेसाहेबांपुढे झाला होता. हुकूम साफ होता: सहा वर्षांची तुळसा बापाकडे राहील, पण दर मंगळवारी बाप तिला आईकडे घेऊन येईल. पहिल्या मंगळवारी निरोप आला, पोरीला पडसं झालंय. दुसऱ्या मंगळवारी, गाडीचा बैल लंगडतोय. तिसऱ्या मंगळवारी तर हैबतीने पंचांगच काढलं: "मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ! तिकडे पाऊल टाकायचं नाही."

लेकीसाठी केलेली खीर शेजारी वाटून सगुणा तडक दरबारात गेली.

राजेसाहेब हट्टी. म्हणाले, "आमचा हुकूम एकदाच निघतो! दुसऱ्यांदा काढला, तर पहिला वाया गेला असं लोक म्हणतील. शिपाईही पाठवणार नाही, पोर घाबरेल. हैबती आपण होऊन तिला घेऊन आला पाहिजे. आणून दाखव, अक्कल असेल तर!"

"आणते, महाराज! फक्त येत्या मंगळवारी माझ्या अंगणात घोडी बघायला या."

"अंगणात? घोडी?"

"होय, आणि तशी दवंडी पिटवा."

मंगळवारी उन्हं वर यायच्या आत हैबती हजर! सोबत सात घोडी आणि एक तांबडं शिंगरू, डोक्यावर नवी पगडी. तुळसा मात्र नाही.

सगुणेने विचारलं, "पडसं वगैरे नाही ना झालं?"

"मला? छे!"

"आणि उत्तरेचा दिशाशूळ?"

हैबतीने अंगणात येऊन बसलेल्या राजेसाहेबांकडे बघून छाती फुगवली. "महाराजांच्या कामाला कसला आलाय दिशाशूळ!"

"वा! मग तुळसेला आणायचं काम कुणाचं? हुकूम तर महाराजांचाच होता!"

राजेसाहेब मिशी कुरवाळत हैबतीकडे बघत राहिले. हैबतीने मुकाट्याने घोडीवर टांग टाकली.

दुपारी ती घोडी परत आली, तेव्हा पुढ्यात तुळसा बसली होती. घोडी थांबायच्या आतच "आये!" म्हणून तिने आईच्या गळ्यात उडी घेतली. सगुणेने तिला उराशी घट्ट धरलं.

राजेसाहेब खुशीत आले, पण लगेच कपाळाला आठी पडली. "आज जमलं, बाई. पण मी काही दर मंगळवारी घोडी बघायला येणार नाही!"

सगुणेने डोळे पुसले. "येऊच नका, महाराज. फक्त एवढंच जाहीर करा, की एखाद्या मंगळवारी याल. कोणत्या, ते मात्र सांगू नका!"

राजेसाहेब असे खदखदून हसले, की सातही घोड्यांनी कान टवकारले. त्यांनी तिथल्या तिथे ते तांबडं शिंगरू विकत घेतलं आणि त्याचा दोर तुळसेच्या हाती दिला. हैबतीला म्हणाले, "हे शिंगरू इथेच राहील. ते फिरवायला तुळसेला तू शिकवायचंस. दर मंगळवारी!"