चव्हाट्यावरच्या भाकरतुकड्याची कहाणी

ऐक गं चव्हाटामाये, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. मुठीत अक्षता घ्या, मूठ गच्च धरा. मधेच कुणी उठायचं नाही. चुलीवर दूध असेल तर आत्ताच उतरवून या. आल्या का सगळ्या? ती धाकटी सून डुलक्या घेतेय, तिला हलवा जरा. बरं.

तर आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर चार वाटा मिळत होत्या, तिथं लिंबाखाली चव्हाटामाय बसली होती. तिला देऊळ नाही, पुजारी नाही, घंटासुद्धा नाही. येणारंजाणारं बघायचं आणि गप्प राहायचं, एवढंच तिचं काम.

त्या नगरात एक कासार राहत होता. त्याची बायको येसू. येसूचं पहिलं मूल गेलं, दुसरं गेलं, तिसरी मुलगी झाली ती राहिली. काळाची नजर पडू नये म्हणून तिचं नाव ठेवलं धोंडी. येसूचा सगळा जीव त्या पोरीत. उन्हात जाऊ नको, वाऱ्यात जाऊ नको, कुणाच्या पोरात खेळू नको. पोर आपली ओसरीवर एकटी बसायची, बांगड्यांच्या काचा मांडायची, मोडायची. आणि जेवायची नाही. भात दिला, नको म्हणाली. खीर दिली, नको म्हणाली. लाडू दिला, तो तिनं मांजराला चारला. हातापायाच्या काड्या झाल्या. शेजारणी म्हणाल्या, "येसू, पोरीला दृष्ट लागलीय गं." येसूला तेवढंच पुरे झालं.

मग तिनं काय केलं? तिन्हीसांजेला ताजी भाकरी केली. पोरीला उंबऱ्यात बसवलं. "आल्यागेल्याची, घरच्यादारची, इडापिडा टळो," म्हणाली आणि पोरीवरून भाकरतुकडा ओवाळला. मग पोरीला खांद्यावर टाकलं, वेशीबाहेर गेली, भाकरी चव्हाट्यावर ठेवली नि परत फिरली. आता याचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा ठेवली की मागं वळून बघायचं नाही. येसूनं नाही बघितलं. पण पोर खांद्यावर, तिचं तोंड मागच्या बाजूला! तिला कोण सांगणार? तिनं डोळे फाडफाडून बघितलं.

काय बघितलं? लिंबाआडून एक बाई आली. तोंडावर पांढरे डाग, हातावर पांढरे डाग. तिनं भाकरी उचलली, कपाळाला लावली, खाली बसली आणि खाऊ लागली. इतकं मन लावून खाताना धोंडीनं कुणाला कधी बघितलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

ती बाई कोण? ऐका. चांगल्या घरची सून होती. अंगावर कोड उठलं. सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी दार लावून घेतलं, गावानं हडळ नाव ठेवलं. वेशीच्या आत यायला तिला बंदी. पाणवठ्यावर आली की बाया अर्ध्या घागरी उचलून चालू लागत. कोड काय चिकटतं का गं? कुठल्याही वैद्याला विचारा. पण विचारतो कोण? पोट तर तिलाही होतंच. ओवाळलेल्या भाकरीला दुसरं कुणी हात लावीत नाही, म्हणून तेवढी तिच्या वाट्याला यायची.

दुसरे दिवशी येसूनं पुन्हा ओवाळलं, पुन्हा ठेवलं, घरी येऊन पाय धुतले, देवापाशी दिवा लावायला बसली. तेवढ्यात धोंडी परसदारानं पसार. थेट चव्हाट्यावर जाऊन त्या बाईपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तू हडळ आहेस का गं?"

"गाव म्हणतं बाई तसं. मला काही तसं वाटत नाही."

"मग तुझे पाय उलटे कुठं आहेत?"

दोघींनी वाकून पाय बघितले. चांगले सरळ होते.

"मग नाव काय तुझं?"

नाव विचारायला कितीक वर्षांत कुणी जवळच आलं नव्हतं. बाई आठवून आठवून म्हणाली, "सुंदरा."

धोंडी खदखदा हसली. बाई म्हणाली, "हसतेस काय? तुझं तरी काय आहे?" पोर म्हणाली, "धोंडी." मग बाईला हसू फुटलं. दोघी पोट धरधरून हसल्या. हसता हसता पोरीला भूक लागली, तिनं भाकरीला हात घातला. सुंदरा म्हणाली, "अगं अगं, तुझ्यावरूनच ओवाळलेली ना ही? तू कशी खातेस?" धोंडी म्हणाली, "मग माझीच झाली की!" अर्धी हिनं खाल्ली, अर्धी तिनं खाल्ली. पोर सुंदराच्या मांडीवर बसली, तिच्या हातावरचे डाग बघू लागली. हा ससा, ही गाय, हा म्हातारा पागोटंवाला. सुंदराला आपल्या अंगाची पहिल्यांदा मजा वाटली.

मग रोजचंच झालं. एके दिवशी धोंडी आईला म्हणाली, "आई, कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही. लोणचं ठेव." येसू दचकली. "कुणी सांगितलं तुला?" पोर म्हणाली, "चव्हाट्यावरच्यांनी सांगितलं." येसूनं गालात मारून घेतलं, हात जोडले. लोणचं ठेवलं. पुढल्या आठवड्यात चव्हाट्यावरच्यांना पिठलं हवं झालं. त्याच्या पुढल्या आठवड्यात पिठल्यावर कच्चा कांदा. येसू बिचारी करतेय, ठेवतेय आणि मागं न बघता घरी येतेय.

आणि पोर? पोरीच्या गालावर रंग चढला, दंड भरले, परकर आखूड होऊ लागला. घरी जेवायची नाही ती नाहीच, तरी अंग धरू लागली. येसू सगळीकडे मिरवायची, "बघा, भाकरतुकड्याचा गुण!" झालं. गावातल्या साऱ्या आया ओवाळू लागल्या. कुणी घारगे ठेवले, कुणी दहीभात ठेवला. लग्नाच्या पंगतीसारखा चव्हाटा दिसू लागला. सुंदरा आणि धोंडी खाऊन उरलेलं गावच्या कुत्र्यांना घालीत. कुत्रीसुद्धा माजली.

असं छान चाललं होतं. पण एके दिवशी येसू पिठलं ठेवायचं विसरली. परतताना अर्ध्या वाटेत आठवलं. घरी गेली, वाटी घेतली, पळत पळत चव्हाट्यावर आली. बघते तो काय, कोडाची बाई बसलेली, मांडीवर धोंडी, धोंडीच्या तोंडात घास! येसूच्या हातातली वाटी पडली. "धावा हो धावा! हडळीनं माझ्या लेकीला ओवाळलेलं चारलं!"

गाव गोळा झालं. राजा न्हात होता, तो तसाच ओलेत्यानं आला. "काय गं, खाल्लंस का?" सुंदरा म्हणाली, "खाल्लं महाराज. भूक लागली म्हणून खाल्लं." राजा म्हणाला, "कबूल झाली. घालवा नदीपार." धोंडी ओरडली, "माझी मावशी आहे ती!" येसूनं तिच्या तोंडावर हात दाबला. शिपायांनी सुंदराला नदीपार घातलं. जाताना ती वळून वळून बघत होती. पोर आईच्या हाताला चावत होती.

मग धोंडीनं अन्न सोडलं. येसूनं भाकरी ओवाळली, चव्हाट्यावर ठेवली. सकाळी बघते, तशीच पडलेली. दहीभात ओवाळून ठेवला. तोही तसाच. पुरणपोळी ओवाळून ठेवली. तिला मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत. पोर अंथरुणाला खिळली, अंगात ताप भरला, डोळे उघडीना. वैद्यानं मान हलवली. कासार कोपऱ्यात तोंड लपवून बसला. येसूला कळून चुकलं की हीही चालली.

मग ती चव्हाट्यावर गेली, वाळक्या भाकरींत बसली आणि हंबरडा फोडला. तेव्हा लिंबाखालून एक म्हातारी पुढं आली. कपाळाला आडवं कुंकू, आवाज फाटका.

"काय गं, का रडतेस?"

"माझी भाकरी कुणी उचलत नाही, आजी. पोर माझी मरते."

"उचलणारीला तूच हाकललंस, आता कोण उचलणार? मी उचलू?" म्हातारी रागावली होती. "पोरीला अन्न गोड कुणाबरोबर लागत होतं, ते तरी बघितलंस का?"

येसूनं डोळे पुसून वर बघितलं. मग तिनं ओळखलं, ही कोण. पाय धरले. "माये, चुकले. उपाय सांग."

चव्हाटामाय म्हणाली, "वसा सांगते, तो घे. शनिवारी सकाळी न्हावं. भाकरी करावी. ती कुणावरून ओवाळू नये. जिला कुणी दारात उभं करीत नाही, तिच्या दारी आपण जावं. तिचं नाव विचारावं. नावानं हाक मारून घरी आणावं, पाटावर बसवावं, तिच्या ताटात आपण जेवावं. जमत असेल तर घे. घेतलास तर चार लोकांत मिरवू नको, कंटाळून सोडू नको. आणि आधी या भाकरी उचल. वास मारतोय मला इथं."

दुसऱ्या दिवशी शनिवारच होता. येसू न्हायली, भाकरी केली, नदीपार गेली. सुंदरा दगडाला टेकून बसली होती, पार वाळून गेली होती. येसूला बघताच घाबरून उठली. येसूला वाटलं, आता ही शिव्या देईल, खडा मारेल, आणि मारलान् तरी बरोबरच आहे. पण सुंदरानं पहिलं विचारलं, "धोंडी जेवली का हो?"

येसूला रडू आवरेना. रडत रडतच म्हणाली, "बाई, तुमचं नाव काय?"

"सुंदरा."

"सुंदराबाई, घरी चला. पोर तुमची वाट बघतेय."

दोघी निघाल्या. वेशीपाशी शिपाई आडवे झाले. प्रधान आला, राजा आला, गाव आलं. प्रधान म्हणाला, "ओवाळलेलं खाणारी बाई वेशीत घेता येत नाही." आजवर येसूनं परपुरुषापुढं कधी मान वर केली नव्हती. पण घरी लेक मरत होती. तिनं पदर खोचला आणि मधोमध उभी राहिली.

"महाराज, एकदा ठरवा. मी ओवाळली त्यात इडापिडा होती, का नुसती भाकरी होती? नुसती भाकरी असेल, तर भुकेल्या बाईनं भाकरी खाल्ली, तिचा गुन्हा काय? आणि इडापिडा असेल, तर माझ्या लेकीची, या सगळ्यांच्या लेकरांची इडापिडा हिनं एकटीनं आपल्या पोटात घेतली. युवराजांवरून राणीसाहेबांनी ओवाळली नव्हती का? तीही हिनंच खाल्ली. आता सांगा, हिला हडळ म्हणायचं का आई म्हणायचं?"

राजानं राणीकडं बघितलं. राणी खाली मान घालून म्हणाली, "ओवाळली होती. तूपसुद्धा लावलं होतं." मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग राजाला हसू आलं, मग त्याला लाज वाटली. त्यानं शिपायांना बाजूला केलं आणि स्वतः दरवाजाला हात लावून तो उघडला.

येसूनं सुंदराला घरी आणलं. पाट मांडला. सुंदरा म्हणाली, "पाट पोरीच्या अंथरुणाशी मांडा." तिथं मांडला. सुंदरानं धोंडीच्या कपाळावर हात ठेवला. "धोंडे, ए धोंडे, मी आलेय गं." पोरीनं डोळे उघडले. म्हणाली, "कुठं गेली होतीस? मी कुणाबरोबर जेवू?" आणि उठून बसली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसरा आपल्या हातानं मोडून घेतला. कासार दाराआड उभा राहून ढसाढसा रडला.

आता येसूची पाळी. ताटात सुंदराचे पांढऱ्या बोटांचे हात. येसूचा हात जरा थबकला. खोटं कशाला सांगू, थबकला. सुंदरानं आपला हात मागं घेतला. तशी येसूनं तो हात धरला, ताटात ठेवला, आणि शेजारचा घास उचलून खाल्ला.

मग कोड गेलं का? नाही हो गेलं. दुसऱ्या कहाण्यांत जातं, काया सोन्यासारखी होते. इथं तसं नाही. कोड तसंच राहिलं, आणि सुंदरा कासाराच्या ओसरीवर बसून बांगड्या भरू लागली. तिचा हात इतका हलका, की एकही काच वाढायची, पिचायची नाही. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी एक नवी नवरी आली, ओसरीवर बसली, आणि तिनं आपला हात सुंदराच्या हातात दिला. तिच्यामागं तिची जाऊ, जावेमागं नणंद. संक्रांतीला तर रांग लागली. पाणवठ्यावरून घागरी उचलून पळणाऱ्या त्याच बाया, सुंदराच्या मांडीवर हात टाकून निवांत गप्पा मारीत बसायच्या.

येसूला, धोंडीला, सुंदराला जसे बरे दिवस दाखवलेस, चव्हाटामाये, तसे या ऐकणाऱ्यांनाही दाखव. लेकरांना भूक दे, घासाला सोबत दे. मोठी होती कहाणी, लहान करून सांगितली, सांगणारीला पावली, ऐकणारीला पावली, सुफळ झाली, पुरी झाली. वाहा अक्षता. आता पानं वाढायला घ्या, आणि बाहेर अंगणात जी मघापासून उभी आहे, तिला नाव विचारून आत बोलवा.