किल्लेदाराला कोणी पाडलं?

किल्लेदार शहाबाजखानांना कुस्तीत कधी कोणी पाडलं नव्हतं, आणि हे ते येताजाता सगळ्यांना ऐकवत.

एकदा भर दरबारात हाजराबी नावाची म्हातारी उभी राहिली. "हुजूर, तुमच्या घोड्यांनी माझी ज्वारी फस्त केली."

"आमच्या घोड्यांवर आळ?" खान मसनदीवरून ताडकन उठले, तोच पाय अडखळून खाली आदळले. पगडी घरंगळत गेली. "हिला कोठडीत टाका!"

"टाका," म्हातारी म्हणाली, "पण कोणी पाडलं नाही, असं आता सांगू नका. आत्ता सगळ्यांदेखत रागानं पाडलं. पैगंबरसाहेबांनी सांगितलंय, दुसऱ्याला लोळवणारा खरा पहिलवान नव्हे. राग आवरणारा पहिलवान."

खानांनी लांब पडलेल्या पगडीकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "खरंय, बी. हा राग आम्हाला रोज पाडतो, आणि आम्ही मिशांना पीळ देत फिरतो!"

बीला किल्ल्याच्या कोठारातून ज्वारी मिळाली. पुढे राग आला की खान मुकाट्यानं जमिनीवर बसत. कारभारी मसनदीवर बोलावत, तर खान म्हणत, "थांबा, अजून आम्ही उठण्याजोगे झालो नाही." कधीकधी त्यांचं जेवणही तिथंच वाढावं लागे.