ठकूआत्या आणि निसटती वाटी

फार वर्षांपूर्वी, वाघजाळीत वैद्य तीन होते आणि धड गुडघा त्यांच्यापैकी एकाचाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

गावात ठकूआत्या बाजा विणायची. तिच्या बाजेवर बैल बसला तरी सुंभ ढिला पडत नसे, असं म्हणतात. बैलाला कुणी बसवलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

गावाचा मान एकच. चैत्रात पाण्याची कावड घेऊन डोंगराई देवीच्या चारशे पायऱ्या चढायच्या. वाटेत कावड टेकली, तर मान शेजारच्या शेंदरी गावाला. कावड सयाजी तुपे उचलायचा. त्या वर्षी जत्रेला तीन महिने असताना त्याच्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकली. पाय सरळ केला की जागेवर यायची, वाकवला की पुन्हा पळायची.

वैद्यांनी वाटी दाबली, लेप थापले, फळ्या बांधल्या. महिन्याभरात मांडी वाळून पायाची काठी झाली. शेंदरीकरांनी मानाचे फेटे रंगवायला टाकले.

मग ठकूआत्यानं गुडघा चाचपला.

"वाटीला कशाला बडवताय रे? बाजेवरची म्हातारी घरंगळली, तर दोष म्हातारीचा का सुंभाचा?"

"आत्या, गुडघ्यात सुंभ कुठला?" थोरले वैद्य हसले.

"हात लावून बघा. बाहेरच्या अंगाचे पट्टे ताणलेत, आतले सैल पडलेत. वरून मांडीनं धरायचं, तर तिला तुम्ही फळ्यांत कोंडलीत."

तिनं फळ्या चुलीत घातल्या. बाहेरची बाजू रोज तेलानं चोळून मोकळी केली. मग सयाजीला बाजेवर बसवून, घोट्याला वरवंटा बांधून, ताठ पाय शंभरदा उचलायला लावला.

"आत्या, मेलो!"

"मेलास की दुखायचं थांबेल. तोवर उचल."

जत्रेच्या दिवशी तीनशेव्या पायरीवर सयाजीचा गुडघा थरथरला. शेंदरीकरांनी श्वास रोखला. आत्या पायथ्यावरून ओरडली, "सयाजी, मांडी आवळ!" मांडी अशी आवळली, की पट्ट्यांची करकर नदीपलीकडे ऐकू गेली, असं म्हणतात. वाटी जागची हलली नाही. उरलेल्या शंभर पायऱ्या सयाजी पळत चढला. त्याला बघायला डोंगराईच एक पायरी खाली उतरली होती, असंही म्हणतात.

आजही वाघजाळीची कावड वर पोचली, की पहिली धार देवीवर पडत नाही. 'ठकूआत्याची धार' म्हणून ती कावडवाल्याच्या गुडघ्यावर सोडतात. देवीचं स्नान त्यानंतर. देवीची तक्रार अजून कुणाच्या कानावर आलेली नाही.