दादाचा जुना झगा

फार पूर्वी चीनमधल्या एका राज्यात लू नावाचं सरदार घराणं होतं. घराचा कारभार थोरल्या बोवेनच्या हाती होता, आणि धाकट्या जीशानचं बरं झालेलं त्याला बघवत नसे. राजानं जीशानला मंत्री करायचं ठरवलं मात्र, बोवेननं शिपाई नेऊन जीशानच्या पेटीतून सोनेरी ड्रॅगनचं भरतकाम केलेला पिवळा झगा काढून दाखवला. असा झगा फक्त राजाचा. दुसऱ्या कुणी अंगात घातला, की त्याचं मुंडकं उडालंच.

"राजद्रोह, महाराज!" बोवेन भर दरबारात गहिवरला. "सख्खा भाऊ आहे हो माझा, सांगवत नाही!"

जीशान वैतागला. लहानपणापासून हेच. फुलदाणी दादानं फोडायची आणि छड्या यानं खायच्या! आपल्या ढगळ बाह्या मागे सारत तो म्हणाला, "महाराज, मला जन्मात कधी नवा कपडा मिळालाय? दादा वापरून टाकतो, तेच मी घालतो. हा अंगरखासुद्धा त्याचाच. मग तो झगा माझ्या पेटीत आलाय, म्हणजे दादा आधी घालून कंटाळला असणार!"

दरबारात खसखस पिकली. राजानं बोवेनकडे रोखून पाहिलं, तसा त्याला घाम फुटला.

"नाही हो महाराज! एकदाही अंगाला लावला नाही मी! शिंप्याकडून आला तसाच याच्या पेटीत..."

राजानं बोवेनकडे बोट दाखवलं. शिपायांनी त्याला धरलं.

"माग, काय हवं ते," राजा जीशानला म्हणाला.

"एक अंगरखा द्या, महाराज," घसरलेली बाही पुन्हा वर ओढत जीशान म्हणाला. "कसलाही चालेल, पण माझ्या मापाचा."