केकवरच्या दोन मोकळ्या जागा

आमच्या कातळशेतात कुणाच्याही घरी केक कापायचा असेल, तर सुरी लागण्याआधी त्याच्या माथ्याकडे नीट बघा. तवशाचं धोंडस असो, नाहीतर मुलींनी ओव्हनमध्ये भाजून वर क्रीमचे गुलाब काढलेला चॉकलेटचा केक असो, सजावट भरगच्च असते. पण मधोमध, जरा वरच्या अंगाला, शेजारी शेजारी अंगठा टेकेल एवढ्या दोन जागा कोऱ्या सोडलेल्या असतात. परवा पुण्याच्या एका बाईंनी लेकाच्या वाढदिवसाला इथूनच केक करून घेतला. डबा उघडून म्हणाल्या, "काकू, वाटेत दोन फुलं गळली वाटतं."

गळली नव्हती. लावलीच नव्हती. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. बसा या पायरीवर. ही शितळाईच्या देवळाची पायरी, आणि गोष्टही तिचीच आहे.

धोंडस म्हणजे आमचा जुना केकच. तवसं, म्हणजे पिकून पिवळी झालेली मोठी काकडी, किसायची. त्यात भाजलेला तांदळाचा रवा आणि गूळ कालवायचा, जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचं, आणि चुलीवर ठेवून झाकणावरही निखारे पसरायचे. एकदा झाकण घातलं की आत काय चाललंय ते वासावरून ओळखायचं. मध्येच उघडलं तर फुगलेलं खाली बसतं. हल्लीच्या ओव्हनला निदान काच असते. तेव्हा बाईनं नुसतं बसून राहायचं आणि काळजी करायची.

फार जुन्या काळी, म्हणे, गावात देवी आल्या होत्या. अंगभर दाणे उठायचे, ताप चढायचा. आता तो रोग जगातून गेला, पण तेव्हा त्याला रोग म्हणायचीही भीती वाटे. शितळाई घरी पाहुणी आली आहे, असं म्हणत. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावत. घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, काही भाजायचं नाही, कारण पाहुणीला गारवा हवा. ती जाताना मात्र कुणाचा जीव घेऊन जाई, कुणाचे डोळे.

आवडा नावाची एक बाई होती. नवरा गलबतावर, घरात सासू आणि एकुलती लेक मथी. मथीला देवी आल्या. अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. जीव वाचेल असं दिसू लागलं, पण पापण्या सुजून मिटल्या त्या उघडेनात. भर दुपारी, तोंडावर ऊन पडलेलं असताना पोर विचारी, "आये, उजेड झाला का गो?"

आवडा म्हणे, "होतोय बाय. होतोय."

आणि मागच्या पडवीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडे.

ती या देवळात आली. तेव्हा देऊळ नव्हतं, नुसती शिळा होती. पूजा करणारे गुरव होते, त्यांनी सांगितलं, "बाई, नवस बोल, पण एकच मागणं माग. पाहुणीसमोर दोनदा हात पसरू नये. ती दिलेलंही उचलून नेते."

एकच मागायचं. घरी आल्यावर सासूनं विचारलं, "काय मागणार?"

"डोळे."

"अगो, वेडी की काय तू! तोंड माग, तोंड. पोरीची जात आहे. अशा वणांच्या तोंडाची पोर कोण पदरात घेईल? चूल काय, चाचपूनही फुंकता येते."

आवडा सासूला कधी उलट बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "तोंड लोकांनी बघायचं, सासूबाई. डोळे तिचे तिला."

"मग बस आयुष्यभर तिला सांभाळत," सासू म्हणाली, आणि पाठ करून बसली. तिलाही नातीची काळजीच होती. काळजीला कधी कधी धड बोलता येत नाही, एवढंच.

नैवेद्य कसला करायचा? आढ्याला पेंढ्याच्या दोरीनं टांगलेलं शेवटचं तवसं उरलं होतं. आवडानं धोंडस करायचं ठरवलं. पण रवा भाजायचा तर पाहुणी असेतो भाजणं वर्ज्य. निखाऱ्यांवर शिजवणं तेवढं चाले, तेही चूल अंगणात मांडून. म्हणून तिनं रवा कोराच तवशाच्या पाण्यात भिजवला. ज्या बायका हे करतात त्यांना कळेल, न भाजलेल्या रव्याचं पीठ सैल होतं. आवडालाही ते कळत होतं. पण इलाज नव्हता.

पीठ पातेल्यात ओतलं. मग तवशाच्याच बिया धुऊन, सोलून, तिनं एकेक करून वर मांडल्या. पांढऱ्या, फुगीर, अगदी त्या दाण्यांसारख्या. सबंध माथा भरला. फक्त दोन जागा सोडल्या, आणि हात जोडून म्हणाली, "आई, हे माझ्या मथीचं तोंड. हे सगळं तुझं. इथं बस, इथं राहा, खुणा ठेव, मी हूं की चूं करणार नाही. या दोन जागा तेवढ्या मला सोड."

झाकण घातलं. वर निखारे पसरले.

शितळाईला गरम चालत नाही. सकाळी शिजवलेलं दिवेलागणीला, पार गार झाल्यावरच उघडायचं. तो दिवस आवडानं कसा काढला असेल? वास सुटला, तशी तिला आठवण झाली की पीठ सैल आहे. बिया जड. फुगताना पीठ हलतं, कडेचं मध्ये येतं. ती पातेल्याकडे जाई आणि परत फिरे. उघडावं तर बसेल. न उघडावं तर आत काय झालंय कोण जाणे. तिकडे मथीच्या पापण्यांवरच्या खपल्या सुटू लागल्या होत्या. तिथंही तेच. उघडतील, पण आत काय असेल?

सासू एकदाच बोलली. "सारखी उठू नकोस गो. बघून शिजत नाही ते."

दिवेलागण झाली. आवडानं देवापुढं दिवा लावला, धोंडस आत आणलं आणि झाकण काढलं.

सुरेख फुललं होतं. बिया सगळ्या जागच्या जागी होत्या. डावी जागा स्वच्छ होती. आणि उजव्या जागेत, बरोबर मधोमध, एक बी सरकून बसली होती.

काय समजायचं ते आवडा समजली. पुन्हा मागावं तर गुरवांनी बजावलेलं. हात पसरायचा नाही. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनंही ती बी पाहिली होती. ती एवढंच म्हणाली, "आवडे, काय करशील आता?"

असं सांगतात की आवडा त्या पातेल्यासमोर बसली. मग तिनं काही मागितलं नाही. दोन बोटांनी ती बी अलगद उचलली, म्हणाली, "ही माझ्या वाटणीची," आणि खाऊन टाकली.

आतून हाक आली. "आये."

दिव्याच्या उजेडात मथी उठून बसली होती. पापण्या अर्ध्या उघडलेल्या. पोर आईकडे बघत राहिली. आधी एका डोळ्यावर हात ठेवून पाहिलं, मग दुसऱ्यावर.

मथी म्हणाली, "आये, तुझ्या ओठाला गूळ लागलाय."

सासू रडली ती तेव्हा.

मथीच्या तोंडावरचे वण राहिले ते राहिलेच. दिलेलं होतं, देवीनं घेतलं. तिचं लग्न झालं, असं काही जण सांगतात, काही म्हणतात नाही झालं. पण सुईत दोरा ओवून घ्यायला सगळ्या आळीच्या म्हाताऱ्या तिच्याकडे येत, हे सगळेच सांगतात. आणि वर्ष फिरायच्या आत आवडाच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. चुलीचा धूर, कुणी म्हणतात. असेलही. इतकी वर्षं फुंकर घालणाऱ्या बाईचे डोळे जायला देवी कशाला लागते? पण आवडा कुणी हळहळलं तर म्हणे, "माझ्या वाटणीचं होतं."

पुढच्या वर्षी नैवेद्याच्या बिया सासूनं स्वतः सोलल्या, आणि दोन जागाही तिनंच सोडल्या.

आजही कातळशेतात वाढदिवस असो, बारसं असो, नाहीतर पोरांनी शाळेतून येऊन सहज मागितलेला साधा रव्याचा केक असो, करणारी त्या दोन जागा सोडते. आणि झाकण निघालं की पहिली नजर तिची एकटीची. काही सरकून आत आलं असेल, तर ते ती मुकाट्यानं खाते. कुणी पाहत नाही, कुणी विचारत नाही.

माझी सून अमरावतीची. केक फार छान करते, ऑर्डरीही घेते. लग्नानंतर ही गोष्ट सांगितली तर हसून म्हणाली, "आई, रवा भाजला असता तर बिया सरकल्याच नसत्या." आता हे काही खोटं नाही. मीही हसले. गेल्या वैशाखात नातवाचा दुसरा वाढदिवस होता. आदल्या दिवसापासून पोर तापानं फणफणलेलं, डॉक्टर म्हणाले बघू. केक झाला होता, म्हणून तिनं सजवला. उकाड्यानं क्रीम सैल पडलं आणि सजावटीतली एक चंदेरी गोळी घरंगळत डाव्या जागेत गेली. मी दारातच उभी होते. सून आत जाऊन लेकराच्या कपाळाला हात लावून आली. परत केकजवळ थांबली. मग माझ्याकडे पाठ केली, गोळी उचलली आणि तोंडात टाकली.

वळली तर मी समोर.

"आई, तुम्ही काही पाहिलं नाहीत हं."

"नाही गं बाई," मी म्हटलं, "चष्मा कुठं लावलाय मी."